अव्वाची जालन्याची माणसं

लातूरच्या पार्वतम्माला दोन गोष्टी मुळीच खपत नसत. आडातून शेंदलेलं पाणी सांडणं ही एक, आणि विचारल्या प्रश्नाला सरळ उत्तर न मिळणं ही दुसरी. यातली दुसरी चूक माझ्या नवऱ्यानं पहिल्याच भेटीत केली आणि तरीही तिनं आम्हाला खोली दिली. का दिली, हे कळायला मला सात महिने आणि एक नाताळ लागला.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आणि कारकून आले, पण त्यांना राहायला घरं काही कुणी बरोबर आणली नव्हती. त्यात दुष्काळ. माझे यजमान रत्नाकर कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेत कारकून होते. लग्नाआधीचे चार महिने त्यांनी एका सहकाऱ्याच्या ओसरीवर, त्याच्या सायकलीशेजारी झोपून काढले होते. मेमध्ये आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी एकच अट घातली, आधी खोली, मग पाठवणी. म्हणून हे गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत पार्वतम्माच्या दारात जाऊन उभे राहिले.

तिनं यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मटण, मासळी, अंडं घरात चालणार नाही म्हणाली. हे म्हणाले, ठीक. आडातून दिवसाला दोन घागरी, तिसरी मागायची नाही. हे म्हणाले, ठीक. मग तिनं मुद्द्याचं विचारलं, "आन् कोन म्हनायचं तुमी?"

आता आम्ही ख्रिस्ती. जालन्याच्या मिशन कंपाउंडमधले, तीन पिढ्यांचे. पण हे सांगितल्यावर आधीच्या सहा घरांची दारं लागली होती. रत्नाकर खोटं बोलत नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही. मात्र खरं बोलायला त्यांना फार वेळ लागतो. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आम्ही जालन्याचे."

पार्वतम्मानं यांचे जोडलेले हात पाहिले. मग कमरेची किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं.

मी आले ती या खोलीत. हा खुलासा मला बसस्टँडवर उतरल्यावर, सायकलरिक्षात, ट्रंक मांडीवर असताना मिळाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं वर हे मलाच ऐकवत होते. मी म्हटलं, मूठ तुमची, झाकून बसायचं मी!

पार्वतम्मा तेव्हा साठीला आली होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची. अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगायतांची असते तशी दोऱ्याला लिंगाची चांदीची डबी. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निलंगा रोडला चार एकर कोरडवाहू रान होतं, ते पुतण्या गुरुपादप्पा कसायचा. अंगणात एक गाय. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची, मीही म्हणू लागले. कानडीत अव्वा म्हणजे आई, पण आईपेक्षा तिच्यात हवालदार जास्त होता. सकाळी आडावर उभी राहून ती प्रत्येकाच्या घागरीवर नजर ठेवायची.

माझी तर रोज हजेरी व्हायची. "कपाळ असं मोकळं का गं? कुकू न्हाई?"

"आमच्याकडे लावत नाहीत, अव्वा."

"जालन्यात लावत न्हाईत? कसलं गाव गं त्ये!"

दर रविवारी सकाळी आम्ही न्हाऊनधुऊन सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरच्या घरी जायचो. तिथं चार कुटुंबं मिळून उपासना व्हायची. अव्वा विचारायची, दर आइतवारी कुठं? मी म्हणायची, ओळखीच्यांकडे. "जालन्याची मान्सं लई फिरस्ती," असं तिनं गल्लीत सांगून टाकलं. आमच्या घरात देव्हारा नाही, चतुर्थी नाही, जेवणाआधी डोळे मिटतात, या सगळ्याचं तिच्या लेखी एकच कारण होतं, जालना. त्या बिचाऱ्या गावाची लातुरात एवढी बदनामी मी कधी होऊ दिली नसती, पण माझ्या तोंडाला कुलूप होतं.

डिसेंबर उजाडला. दोन गावांत टँकर, तिसऱ्या गावाची मागणी, रोजगार हमीची हजेरीपत्रकं. यांच्या शाखेतल्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. म्हणजे नाताळला जालन्याला जाणं नाही. मी जन्मात कधी घराबाहेर नाताळ केला नव्हता. आमच्याकडे वडील दरवर्षी कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी करत आणि चर्चच्या आवारात येशूजन्माची कडब्याची गव्हाण उभी राही. लग्नाच्या वेळी वडिलांनी माझ्या ट्रंकेत तळाशी चांदणीचा सांगाडा घडी करून ठेवला होता. "जिथं राहशील तिथं दाराला लाव," एवढंच म्हणाले होते, आणि मग चष्मा पुसत बसले होते.

मी सांगाडा काढला, लाल कागद आणला आणि खळ शिजवायला ठेवली. रत्नाकर कचेरीतून आले आणि दारातच थबकले.

"हेमलता, हे एक वर्ष जाऊ दे."

"का?"

"दाराला चांदणी लागली की गल्लीला कळणार. अव्वानं खोली काढून घेतली तर? मी पुन्हा ओसरीवर, आणि तू जालन्याला. किती महिने, कोण जाणे."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी खळीचं पातेलं आपटलं. म्हटलं, तारणाऱ्याचा जन्म चोरून करायचा होता तर लग्न तरी कशाला चर्चमध्ये केलंत? ते त्या रात्री जेवले नाहीत. आमचं ते पहिलं भांडण, आणि त्यात कुणीच जिंकलं नाही. चांदणी पुन्हा ट्रंकेत गेली.

पण गव्हाण तर घरातल्या घरात करता येईल, असं माझ्या मनानं घेतलं. दारावर काही नाही, नुसती कोपऱ्यात. नाताळच्या तीन दिवस आधी, अव्वाची गाय पाण्यावर सोडलेली असताना मी तिच्यासमोरची उष्टी, टाकलेली कडब्याची ताटं वेचून आणली. चांगल्या कडब्याला हात लावायची छाती नव्हती, त्या वर्षी कडबा दाण्याच्या भावानं मिळत होता. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ताटं तिरकी टेकवून, वर सुतळीनं बांधून मी हातभर उंचीचं खोपट उभं केलं. माझी एक जुनी ओढणी त्याच्यावर टाकली. बाळ अजून शिवायचं होतं.

"काय करायलीस गं?" अव्वा दारात.

मी दचकून उभी राहिले. आता गाईच्या कडब्यावरून उद्धार होणार, असं वाटलं. पण ती खोपटाकडे बघतच राहिली. मग खाली बसली आणि तिनं ताटांना हात लावून पाहिला.

"कोप? पोरी, तू येळवशीचा कोप घातलास? जालन्यात बी येळवस करतेत व्हय?"

त्या दिवशी येळवस होती, हे मला ठाऊकच नव्हतं. जालन्याकडे हा सण नाही. मार्गशीर्ष अमावास्येला इकडची माणसं रानात जातात, कडब्याचा कोप घालतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि सगळ्या गोतावळ्याला रानातच जेवायला घालतात. गल्ली सकाळपासून ओस का पडली होती, ते मला आत्ता कळलं.

"अव्वा, तुम्ही नाही गेलात रानात?"

"कुटं जाऊ? ज्वारी उगवलीच न्हाई. गुरुपादप्पा जनावरं घिऊन छावणीत हाय. पांडवांना काय दाखवू, ढेकळं?" तिनं नाक ओढलं. "लगीन होऊन आले तवापासनं येळवस चुकली न्हवती माजी. यंदा चुकली म्हनून सकाळधरनं तशीच बसले होते. आन् तू हितं कोप घातलास."

मी तोंड उघडलं होतं, खरंच. "अव्वा, हे तसं नाही," एवढं ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्यानं पुढे बोलवेना. यांची सवय मलाही लागली म्हणायची.

अर्ध्या तासात आमची खोली तिची झाली. आडाकाठचे पाच गोटे धुऊन, चुना लावून तिनं कोपात मांडले. प्रत्येकाला विभूती लावली. कुठल्या कुठल्या डब्यांतून मूठमूठ डाळी आणि सुकवलेली भाजी काढून तिनं भज्जी शिजवली, ज्वारीच्या पिठाचे उंडे वाफवले, ताकातली आंबील घोटली. रत्नाकर कचेरीतून आले तेव्हा अव्वा कोपाभोवती आंबील शिंपडत "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा गजर करत फिरत होती आणि मी मागून तांब्या घेऊन चालत होते. यांनी मला डोळ्यांनी विचारलं, हे काय? मी डोळ्यांनीच सांगितलं, झाकली मूठ!

जेवताना अव्वा बोलत राहिली. भालकीकडून बारा वर्षांची असताना ती लग्न होऊन इथं आली. तोंडात सगळी कानडी, इथलं बोलणं कळेना. सासूनं पाणी मागितलं तर हिनं मीठ नेऊन दिलं. "गल्लीतल्या बाया हसायच्या. कुटलं ध्यान आनलं म्हनायच्या. वरीसभर म्या कुनाशी बोलले न्हाई. ह्या आडाशी बोलायची." मग उंडा मोडून तिनं माझ्या ताटात टाकला. "खा. पहिलं वरीस लई वाईट असतं माहेराबिगर."

एवढ्या चांगल्या बाईला मी फसवते आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

पुढं पंचाईत अशी झाली की पांडव हलेनात. येळवशीचे देव रानात राहतात, यंदा रान नाही तर घरातच चार दिवस राहू देत, असं अव्वानं ठरवलं. रोज संध्याकाळी ती येऊन कोपासमोर पणती लावायची. माझी गव्हाण, आत पाच पांडव, आणि येशूबाळाला जागा नाही! बेथलेहेमातही त्याला जागा मिळाली नव्हती, असं रत्नाकर म्हणाले. मी त्यांना हसू नका म्हणून दटावलं.

चोवीस तारखेला मी चिंध्यांचं बाळ शिवलं. तळहाताएवढं, डोळे काळ्या दोऱ्याचे. दुपारभर हातात घेऊन बसले. आज याला ट्रंकेत ठेवलं तर उद्या माझा नाताळ कसला? शेवटी भीम की अर्जुन कोण असेल त्याला जरासा सरकवून मी बाळ मधोमध ठेवलं. दिवेलागणीला अव्वा पणती घेऊन आली, वाकली आणि तशीच थांबली.

"ह्ये लेकरू कुनाचं?"

रत्नाकर नुकतेच आले होते. ते खुर्चीतून अर्धे उठले. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, बघितलं असतं तर धीर गेला असता.

"अव्वा, हा येशू. आम्ही ख्रिस्ती आहोत. उद्या याचा जन्म, आमचा सण. हा कोप येळवशीचा नव्हता. मी तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं माझं."

अव्वानं पणती खाली ठेवली. लावली नाही. ती उठली आणि आपल्या घरात गेली. मागोमाग तिच्या दाराची कडी वाजली.

रत्नाकर म्हणाले, उद्या दुपारची तुझी जालन्याची गाडी बघून येतो. माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी रडून घेतलं. मग डोळे पुसले आणि ट्रंक उघडली. आता लपवायचं काय उरलं होतं? यांनी कामट्या धरल्या, मी कागद चिकटवला. उद्या जायचंच असेल तर चांदणी लावून जाऊ, असं म्हणत आम्ही दोघांनी ती दाराच्या चौकटीला टांगली आणि आत दिवा सोडला. त्यानंतरच्या तीस वर्षांत मी पुष्कळ चांदण्या लावल्या. इतकी वेडीवाकडी एकही नव्हती आणि इतकी प्रियही नव्हती. भिंतीपलीकडे अव्वाची पेटी उघडल्याचा, काही शोधल्याचा आवाज येत होता.

सकाळी दार वाजलं. अव्वा उभी होती. न्हालेली, विभूती लावलेली, कडेवर भरलेली घागर. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"एक इचारते. सरळ सांग."

"विचारा."

"मान्सं गेली की तुमच्यात जाळतेत का पुरतेत?"

नाताळच्या सकाळी हा प्रश्न! मी कशीबशी म्हणाले, "पुरतात."

"आमच्यात बी पुरतेत," अव्वा म्हणाली. तिचा खांदा जरासा सैल झाला. "मंग काय! मातीत एकाच जायचंय की." ती आत आली आणि घागर चुलीपाशी ठेवली. "ही तिसरी घागर. आजच्या दिसापुरती. माज्या वाटनीची हाय. सन हाय म्हनलीस न्हवं, डोक्यावरनं न्हाऊन घ्या दोघं."

मग तिनं पदराखालून काहीतरी काढलं आणि कोपापुढं बसली. ती एक चिमुकली कुंची होती, खणाच्या तुकड्याची, काठाला लाल दोरा. रात्री पेटीत ती खणच शोधत होती. तिनं चिंध्यांच्या बाळाला कुंची घातली आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. "थंडीचं लेकरू असं उघडं ठेवतेत व्हय?"

रत्नाकर हात जोडून उभे होते. "अव्वा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही सरळ विचारलं होतं."

"इचारलं होतं. तू गाव सांगिटलंस." अव्वा कुंचीची नाडी बांधत होती. "तवाच कळलं मला, काय तरी हाय. पर लबाड असतास तर एकांदी बरी जात सांगून मोकळा झाला असतास. सांगिटलं न्हाईस, म्हनून खोली दिली."

मी यांच्याकडे बघितलं. सात महिने झाकलेल्या मुठीत काही नव्हतंच म्हणायचं.

तेवढ्यात अंगणात खाकरल्याचा आवाज आला. मलप्पा, अव्वाचा धाकटा दीर, गंजात दुकान असलेला. त्यानं सकाळीच येता येता दाराची चांदणी पाहिली होती.

"वैनी, कोन ठेवलेत हे घरात? किरिस्ताव दिसतेत. आपलं घर, आपला आड! संक्रांतीला मठाचे स्वामी यायचेत, ते पाऊल टाकतील का हितं?"

मी आत भिंतीला टेकले. रत्नाकर पुढे व्हायला निघाले, तर अव्वानं त्यांना हातानं मागं सारलं आणि स्वतः उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. आडावर घागरी मोजताना उभी राहते तशी.

"जालन्याचे हायत."

"गाव न्हाई इचारत, वैनी. कोन हायत म्हनतोय!"

"सांगिटलं की. जालन्याचे हायत." आवाज चढला नाही, पण गल्लीला ऐकू जाईल एवढा होता. "म्या इचारून ठेवलेत. स्वामींना काय सांगायचं त्ये म्या सांगंन. तू बस, आलास तर गोडाचं खा."

मलप्पा बसला नाही. पण परत कधी त्यानं विषयही काढला नाही. अव्वानं माझी करंजी खाल्ली, साखर कमी आहे म्हणाली आणि आणखी दोन मागून घेतल्या.

त्या दुपारी अंबाजोगाईहून चर्चचे पाळक आले. चार कुटुंबांच्या भेटी घेत घेत आमच्याकडे पोहोचले. अव्वा माझ्यासोबत चुलीपाशी होती. आमचा सण आणि घरात मटण नाही म्हणून तिनं स्वतःहून पुन्हा भज्जी शिजवली होती. पाळकांनी चांदणीचं कौतुक केलं, मग कोपऱ्यात गव्हाणीपाशी वाकले. मध्ये कुंचीतलं बाळ. भोवती चुना लावलेले, कपाळी विभूतीचे, पाच जण.

त्यांनी बोटानं एकेक मोजला. मग चष्मा सावरून त्यांनी विचारलं, "हे पाच कोण?"

चुलीपाशी अव्वाचा पळीचा हात थांबला. माझ्या डोळ्यांपुढं आमचं सगळं चर्च उभं राहिलं. हे मेंढपाळ आहेत, असं सांगून टाकावं, म्हणून मी तोंड उघडलंही. पण त्याआधी रत्नाकर पुढे आले. अव्वाच्या दारात पहिल्या दिवशी जोडले होते तसेच त्यांनी हात जोडले, आणि या वेळी त्यांना बोलायला मुळीच वेळ लागला नाही.

"लातूरचे आहेत," ते म्हणाले.